साडूंनी निवडलेली लेन्स

विकणारा स्वतःहून स्वस्त वस्तू पुढे करू लागला, की शहाण्याने आपला खिसा चाचपावा, असं भिंगरावांचं मत होतं. आणि विकणारा जर आपलाच साडू असेल, तर खिशाबरोबर पाठही चाचपावी.

"ही घ्या," साडू म्हणाले आणि त्यांनी काउंटरवर एक लेन्स ठेवली. केवढीशी ती! शाईच्या दौतीएवढी.

भिंगरावांची नजर मागच्या काचेच्या कपाटात होती. तिथे ती मोठी झूम लेन्स एखाद्या सरदारासारखी उभी होती. "आणि ती?"

"ती शोभेची. लांबचं जवळ आणाल साडूभाऊ, पण अंधाराचं काय कराल? नाट्यगृहात फ्लॅश चालत नाही. झूम लांबवली की तिची आतली खिडकी आणखी बारीक होते. हिची खिडकी बघा, दिव्याचा सांडलेला थेंबसुद्धा आत घेईल."

"आणि तीन पायांचा स्टँड?"

"खुर्च्यांच्या ओळीत मांडून लोकांना पाडायचंय का? एका पायाचा न्या. आपले दोन धरून तीन होतातच की!"

दुकानातली सगळी हसली. भिंगराव हसले नाहीत. हे नाव त्यांना सासुरवाडीतच पडलं होतं. सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ खरं आहे का, हे त्यांनी सगळ्यांदेखत भिंगातून तपासलं होतं, तेव्हापासूनचं.

शनिवारी नाट्यगृहात नव्या नाटकाची रंगीत तालीम होती. भिंगरावांनी तिचे फोटो काढायचे, आणि व्यवस्थापकबाईंना ते आवडले, तर नाट्यगृहाचं कायमचं काम त्यांचं. निळ्या पडद्यापुढे माणसांना बसवून "हनुवटी जरा वर" म्हणण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. चालतं-बोलतं, रडतं-हसतं माणूस टिपायची ही पहिली संधी होती, आणि वय बघता शेवटचीही.

आता गंमत अशी, की हेच काम साडूंनी वर्षानुवर्षं केलं होतं आणि मागच्या वर्षी एकाएकी सोडलं होतं. कारण? गुडघा. आणि आता हेच गृहस्थ भिंगरावांच्या डोळ्यांदेखत शिडीवर सरसर चढून वरच्या फळीवरून लेन्सची पिशवी काढत होते. असला कसला हा गुडघा, जो नाट्यगृहाच्या दारात दुखतो आणि दुकानाच्या शिडीवर बरा होतो?

साडूंनी लेन्स भिंगरावांच्या कॅमेऱ्यावर बसवली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. बोटं कुठे काय चाचपत होती, कोण जाणे.

"फर्स्टक्लास," ते शेवटी म्हणाले. भिंगरावांना तो शब्द जरा उशिरा आल्यासारखा वाटला.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला खिडकीशी बसवलं आणि स्वतः कॅमेऱ्यामागे गेले. ऑटोफोकस बंद. या घराण्याची रीतच ती. सासऱ्यांचा स्टुडिओ होता आणि दोन्ही जावयांना त्यांनीच तयार केलं होतं. ते म्हणायचे, "फोकस हाताने करावा. यंत्राच्या भरवशावर आपला डोळा गहाण टाकू नये." दोघांनीही तो शब्द देवाघरच्या आज्ञेसारखा पाळला होता.

भिंगरावांनी कडं फिरवलं. बायको धूसर. उलट फिरवलं. आणखी धूसर. मध्ये कुठेतरी बरी दिसली तेव्हा बटण दाबलं. फोटोत बायकोचा चेहरा धुक्यात गेला होता आणि मागच्या पडद्याचा धागान् धागा मोजता येत होता.

"बघ! बघ तुझ्या ताईच्या यजमानांचे प्रताप! सदोष लेन्स गळ्यात मारली."

"अहो, भावोजी असं का करतील?"

"का म्हणजे? मी आपटलो की नाट्यगृहवाले पुन्हा कोणाचे पाय धरतील? दुखऱ्या गुडघ्यांचे!"

"तुम्हाला ना, देव दिसला तरी आधी त्याचं ओळखपत्र मागाल," बायको म्हणाली आणि उठून गेली.

संशयाचं एक आहे. तो पाहुणा म्हणून येतो, उंबऱ्यावर टेकतो, आणि आपण पाणी आणायला आत जावं तोवर घरमालक होऊन बसतो. रात्रभर भिंगरावांनी त्याची सरबराई केली. सकाळी ते दुकानात गेले तेव्हा तोंडातले शब्द पाठ झालेले होते.

साडू काउंटरमागे होते. शेजारी दुकानाचे मालक. भिंगरावांनी मुद्दाम मालकांकडे तोंड केलं. "तुमच्या माणसाने मला बिघडलेली लेन्स दिली. जाणूनबुजून."

साडूंचा चेहरा पांढरा पडला. "साडूभाऊ, काय बोलताय?"

"फोटो बोलतात!"

मालक शांत माणूस. त्यांनी कॅमेरा घेतला, ऑटोफोकस चालू केला आणि भिंगरावांचाच फोटो काढून त्यांच्यापुढे धरला. पापणीचा केस न् केस दिसत होता. रागाने फुगलेल्या नाकपुड्याही.

"लेन्स हिऱ्यासारखी आहे," मालक म्हणाले. मग त्यांनी कॅमेऱ्यामागच्या बघायच्या खिडकीला डोळा लावला आणि झटकन मागे घेतला. "अरेच्चा! हे चाक कोणी फिरवलं? अगदी शेवटाला नेलंय." खिडकीच्या कडेला आपापल्या नजरेनुसार फिरवायचं एक इवलंसं चाक असतं. ते कधी हलवायची वेळच न आल्याने भिंगराव त्याला विसरूनही गेले होते. "इतकं कोणाला लागतं? अशा डोळ्याला समोरचा माणूससुद्धा नीट दिसायचा नाही."

भिंगरावांनी साडूंकडे पाहिलं. साडू लेन्सचं झाकण शोधत होते. झाकण त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर उघड्या काचेवर पडलं होतं, आणि ते तळव्याने काच चाचपत चालले होते.

भिंगरावांना एकदम सगळं उलगडलं. शिडी साडू सरसर चढले, कारण पायऱ्या पायांना पाठ होत्या. कॅमेरा डोळ्याला लावून ते तेवढा वेळ उभे राहिले, चाक शेवटाला नेलं, तरी दिसलं नाही. गुडघा बिचारा उगाच बदनाम झाला होता. आणि आता मालक भुवया आकसून वाट बघत होते. वापरलेल्या लेन्स पारखून घ्यायचं या दुकानातलं काम साडूंचंच होतं.

"मीच," भिंगराव म्हणाले. "मीच फिरवलं. डोळे आलेत हल्ली माझे... म्हणजे, गेलेत."

मालकांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "मग लेन्सला आणि या भल्या माणसाला कशाला बोल लावता? नाट्यगृहाच्या बाईंनी मला विचारलं तेव्हा यांनीच तुमचं नाव पुढे केलं. भांडून पुढे केलं. आता मला बाईंना सांगायला हवं. डोळ्याने अधू माणूस मी कसा पाठवू?"

"सांगा," भिंगराव म्हणाले. आवाज पार खाली गेला होता.

ते रस्त्याच्या वळणावर पोचतात तोच मागून साडू आले, भिंतीच्या कडेकडेने.

"मला भीक घातलीत का?"

"भीक कसली? तुम्ही ताईलाही सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? डोळ्यातला पडदाच झिजतोय, चष्म्याने भागत नाही. शेवटच्या प्रयोगाचे सगळे फोटो धुक्यात गेले. यंत्राला करू दिला असता फोकस, तर निभावलंही असतं." ते कडवट हसले. "पण सासऱ्यांचा शब्द!"

"शनिवारी माझ्याबरोबर या."

"कशाला?" साडूंनी मान तिरकी केली. "तुमचा काय डाव आहे यात?"

उभ्या जन्मात पहिल्यांदाच भिंगरावांना हा प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आला. फार वाईट ऐकू आला.

"डाव नाही. मला नाटकातलं ओ की ठो कळत नाही."

हे मात्र साडूंना लगेच पटलं.

शनिवारी व्यवस्थापकबाई दारातच उभ्या होत्या. "तुमच्या डोळ्यांबद्दल कानावर आलंय. स्पष्टच सांगते, मला धोका नको."

दुकानात स्वतःच बोललेला शब्द भिंगरावांना आता गिळता येईना. मागून साडूंचा आवाज आला. "डोळे यांचे धड आहेत, बाई. गेलेत ते माझे. सोमवारी दुकानातही मीच सांगणार आहे."

बाईंनी एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. एकाच तिकिटावर आत शिरू पाहणाऱ्या दोघांकडे बघावं तसं. "आणि गुडघा?"

"ठणठणीत."

"आत या. फोटो बघून ठरवते."

दिवे मंदावले. भिंगराव तिसऱ्या ओळीच्या टोकाला एका पायाचा स्टँड धरून उभे राहिले. साडू त्यांच्या खांद्यामागे. भिंगरावांनी मन घट्ट केलं आणि ऑटोफोकस चालू केला. रंगमंचावर नायिका खुर्चीमागे उभी होती, चेहऱ्यावर सुंदर उजेड. त्यांचं बोट बटणावर आलं.

"आता नको," साडू कुजबुजले. "तिच्या पायाखालची फळी वाजू द्या."

"उजेड चांगलाय की!"

"नको म्हटलं ना."

आणि आतला तो जुना पाहुणा पुन्हा उठून बसला. हा माणूस माझी वेळ चुकवतोय का? हातचं घालवायला लावतोय का? देवाने माणसाला विश्वास ठेवायला निराळं इंद्रिय दिलेलं नाही, आहे त्याच बोटाने तो ठेवावा लागतो. भिंगरावांनी बोट रोखलं.

फळी करकरली. नायिकेने श्वास घेतला.

"आता."

तिने मान वळवली ती अशी, की आयुष्यभराचं ऐकून घेतलेलं त्या एका वळणात आलं. बटण त्याच क्षणी दाबलं गेलं होतं.

तालीम संपल्यावर बाईंनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो भराभर पुढे सारले आणि त्या एकापाशी थांबल्या.

"पुढच्या प्रयोगाला या," त्या म्हणाल्या. "दोघंही. खुर्ची मात्र एकच मिळेल."

"ती यांना द्या," भिंगराव म्हणाले.

जिना उतरताना साडूंनी त्यांची बाही धरली होती. चार पायऱ्या गेल्यावर ते थांबले.

"खुर्ची मला का दिलीत, साडूभाऊ?"

"बसलो तर मला पुढच्यांची डोकी दिसतात. उभ्याने रंगमंच दिसतो."

"एवढंच?"

"एवढंच."

साडूंनी हुंकार भरला. त्यांना ते काही पटलेलं दिसलं नाही.