तिच्या बाळावर फोडलेलं खापर

समालोचकाचा चहा गार झाला होता आणि थोरली बहीण वर्तमानपत्र त्याच्या नाकासमोर धरून उभी होती. शहराचा महिला बास्केटबॉल संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोहोचला होता. पण जिला सगळे लाडाने 'शिडी' म्हणत, ती उंच खेळाडू आज संध्याकाळी राखीव बाकावर बसणार, अशी बातमी होती.

"हे तुझं कर्तृत्व!" ताई म्हणाली.

"माझं? मी काय केलं?"

काय केलं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. उपांत्य सामन्यात शिडीच्या दोन सोप्या फेकी चुकल्या आणि रेडिओवर हा गडी हसत बोलून गेला, "घरी दहा महिन्यांचं बाळ! रात्रीची झोप नाही, मग नेम कसा लागणार?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी जो तो तेच बोलू लागला.

"ती रात्री जागते, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पण आई म्हटलं की..."

"त्यांच्या प्रशिक्षकाला तर जुळी आहेत. त्याचे डावपेच फसले तेव्हा काढलास त्याच्या झोपेचा विषय? दवाखान्यात मला मुख्य परिचारिका केलं नाही, तेव्हा साहेब हेच म्हणाले होते, 'तुमच्या घरी लहान मूल आहे.' एक रजा घेतली नव्हती रे मी! तेव्हा साहेबांवर सगळ्यांत जास्त तूच भडकला होतास."

घरात त्याचा पाय ठरेना. तो तडक सरावाच्या हॉलवर गेला.

प्रशिक्षकाने कपाळाला आठ्या घातल्या. "बाळाला तिचा नवरा बघतो. तिची झोप माझ्यापेक्षा बरी आहे! पण तुमचं ऐकून व्यवस्थापक बिथरलेत. हरलो तर लोक म्हणणार, दमलेल्या बाईला कशाला खेळवलं? तुम्ही बोललात, आता तुम्हीच निस्तरा."

संध्याकाळी सामना सुरू झाला आणि बोलघेवडा समालोचक शब्द मोजून बोलू लागला. कबुली दिली तर हसं होणार, कदाचित कामही जाणार. संघ मागे पडत होता. शिडी बाकावर अस्वस्थपणे पाय हलवत बसली होती. अखेर त्याला राहवेना.

"श्रोतेहो, शिडीच्या झोपेबद्दल मी बोललो ते निव्वळ मनचं होतं! दोन फेकी चुकल्या, त्या कुणाच्याही चुकतात. त्याच सामन्यात बास्केटवरून उसळलेले सर्वांत जास्त चेंडू तिनेच पकडले, ते मात्र मी सांगितलंच नाही!"

कानाला रेडिओ लावून बसलेल्या व्यवस्थापकांनी प्रशिक्षकाकडे बघून मान डोलावली. शिडी मैदानात उतरली, संघाने एका गुणाची आघाडी घेतली आणि शेवटच्या क्षणी तिने उंच झेप घेऊन समोरच्या संघाची फेक अडवली. संघाने चषक जिंकला!

गर्दीतून वाट काढत समालोचक तिच्यापाशी आला. "चुकलो मी. माफ करा."

घाम पुसत ती म्हणाली, "माझं झालं ते झालं. आमची कप्तान आता बाळंतपणाच्या रजेवर जाणार आहे. परत आल्यावर तिचा नेम चुकला, तर नेम चुकला एवढंच म्हणा."

वाचकहो, आपल्याही कचेरीत, शाळेत, दवाखान्यात एखादी आई कामावर परत येते आणि तिच्या बारीकसारीक चुकीचं खापर आपण तिच्या बाळावर फोडतो. चूक दिसली तर ती चूक जरूर दाखवा! पण जो प्रश्न बापाला कधी विचारत नाही, तो आईलाही विचारू नका.