वाल्मिकचा सूर

खो-खोच्या व्यावसायिक लीगसाठी मी खेळाडू निवडतो. लोकांना वाटतं, बसून मॅच बघायची, मजा आहे राव! या एकदा बाराच्या उन्हात, मग कळेल. संघमालकाला अहवालात दोनच गोष्टी हव्या असतात: पोरगं किती गडी टिपतं आणि किती वर्षं टिकेल.

सोनईच्या मैदानावर कॉलेजचा कानिफनाथ बघायला गेलो. पहिल्याच पाळीत त्यानं खांबावर सूर मारला आणि माझ्या हातातला चहा सांडला. मान खांबाच्या आतल्या अंगाला, हात वीतभर पुढं. असा सूर मी एकाच माणसाचा पाहिला होता, वाल्मिकचा. आम्ही एका संघात आठ वर्षं खेळलो. जामखेडकडच्या एका स्पर्धेत असाच सूर मारताना त्याचं डोकं खांबावर आदळलं आणि तो माझ्या मांडीवर गेला. अजून कुठं खांब दिसला की तो आवाज कानात होतो.

पाळी संपल्यावर कानिफनाथला बाजूला घेतलं. "मान बाहेर काढून मार बरं."

दुसऱ्या पोराला पळायला लावून त्यानं तीनदा मारला. तिन्ही वेळा गडी वीतभरानं निसटला. अशी पोरं तर गावोगाव पन्नास पडलीत, त्यांना कोण घेतो?

"कोणी शिकवला रे तुला तो सूर?" मी खेकसलो.

"तुमीच की, सर." त्यानं मोबाईल पुढं केला. वाल्मिकच्या वर्षश्राद्धाला मीच टाकलेला, त्याच्या त्या शेवटच्या सुराचा व्हिडिओ. शेवटचे तीन सेकंद मी कापले होते. गेलेल्या माणसाचं तसलं काय दाखवायचं! "आमी सगळी ह्याच्यावरच शिकलो. पन हितंच तुटतोय बगा."

सगळी! पूर्ण व्हिडिओ माझ्याकडं होता. कधी पुसवला नाही, कधी बघवलाही नाही. तो लावून फोन त्याच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. आवाज ऐकू आलाच.

कानिफनाथ पांढराफटक पडला. मला वाटलं, वाचलं बाबा पोरगं.

त्यानं बोटानं व्हिडिओ मागं घेतला, पुन्हा बघितला.

"सर, पन गडी तर बाद झाला ना?"

"व्हय," मी म्हणालो. खोटं कसं बोलू? वाल्मिकचा हात पोचला होता.

"मंग माजं नाव लिवा."

शिट्टी झाली. तो खांबाकडं पळत सुटला. त्याला थांबवायला मी जिवाच्या आकांतानं हाक मारली, ती वाल्मिकच्या नावानं.