ज्याच्या हातात डस्टर

तुमच्यापैकी किती जणांनी मला हातात धरलंय, मित्रांनो? आता तुमच्या वर्गात बटण दाबलं की उजळणारा फळा आलाय, म्हणून आधीच विचारून घेतो. मी डस्टर. लाकडी पाठीचा, खडूच्या धुळीनं पांढरा पडलेला एक जुना डस्टर. मला फळा पुसायला बनवलं होतं. तेवढंच काम करून झिजलो असतो तर आज तुमच्यापुढे तोंड उघडलं नसतं.

खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजा या गावाच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथल्या फकीर मोहम्मद मिस्त्रींच्या दुकानात माझा जन्म झाला. कुणाच्या तरी दाराच्या चौकटीतून सागाचा एक तुकडा उरला होता. मिस्त्रींनी त्याला रंधा मारला, दोन्ही बाजूंनी बोटं बसतील अशी खाच काढली आणि खाली जुन्या घोंगडीची पट्टी बारीक खिळ्यांनी ठोकून बसवली. मग त्यांनी मला आपल्या लेकीच्या, नाजिशच्या हातात दिलं. "सरायले सांगजो, बाजारातला डस्टर चार दिवसांत उखडते. हा नाई उखडत," असं ते म्हणाले. आणि खरंच, मी आजतागायत उखडलो नाही. बाकी बरंच काही उखडलं.

नाजिश तेव्हा आठवीत होती. मागच्या बाकावर, खिडकीजवळ बसायची. कुणी नाव विचारलं तरी ओढणीच्या टोकाकडे बघून सांगायची. त्याच वर्षी शाळेत इंग्रजीला प्रेमानंद सर आले. अंगानं किरकोळ, आवाज मात्र असा की शेजारच्या वर्गातली पोरंही ऐकत बसायची. धडा वाचायचा, अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरं उतरवून द्यायची, ही आमच्या शाळेची जुनी रीत. सरांनी ती मोडली. बाकं फिरवून गोल करायला लावली आणि म्हणाले, "आजपासून आपण ग्रुप डिस्कशन करू."

झालं! पहिल्या दिवशी नुसता बाजार भरला. सगळे एकदम बोलले. ज्याचा आवाज मोठा त्याचा मुद्दा खरा. सरांनी कपाळावर हात मारला, मग टेबलावरून मला उचललं आणि सगळ्यांना दाखवत म्हणाले, "हा डस्टर ज्याच्या हातात, तोच बोलेल. बाकीचे ऐकतील. मी मधे बोललो तर मलाही थांबवायचं."

मित्रांनो, त्या दिवशी मी फळा पुसणारा राहिलो नाही. खोटं कशाला बोलू, मला फार मोठेपणा वाटला.

सरांचा अजून एक नियम होता. समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते आपल्या तोंडानं नीट सांगायचं. तो 'हो, मी हेच म्हटलं' असं म्हणाला, की मगच आपला मुद्दा. पोरांना याचा फार वैताग यायचा. मयुरी नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, तिला तर कधी एकदा बोलते असं व्हायचं. ती म्हणायची, "सर, त्याचं चुकलं हाय हे मले दिसून राह्यलं, मंग मी त्याचं काऊन सांगू?" सर म्हणायचे, "कारण तू ऐकलंस का, ते मला बघायचंय."

एक दिवस सरांनी मला नाजिशच्या हातात दिलं. विषय होता, शाळेत मोबाईल असावा का. तिनं मला दोन्ही हातांनी धरलं. ती शब्द जुळवेपर्यंत वर्ग थांबला, कारण नियमच तसा होता. मग ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली की, घरात एकच मोबाईल असतो, तो आधी भावाला मिळतो, म्हणून शाळेत असला तर मुलींना मिळेल. एवढं बोलून ती खाली बसली. सर म्हणाले, "हा मुद्दा माझ्याही डोक्यात नव्हता." त्यानंतर मला मागायला तिचा हात सगळ्यात आधी वर व्हायचा.

दहावीत भाषणं तपासायचा धडा आला. दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेलं भाषण कसं ऐकायचं, हा त्याचा विषय. सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिले. बोलणारा कोण आहे? त्याला काय हवंय? तो आपल्याला कुठे रडवतो? पुरावा कुठे देतो? आणि शेवटी, त्यानं काय सांगितलंच नाही? संध्याकाळी मी तो फळा पुसला, पण शेवटचा प्रश्न सरांनी इतका दाबून लिहिला होता की त्याची खूण काही दिवस गेली नाही.

सरावाला भाषण कुणाचं घ्यायचं? मयुरी म्हणाली, "सर, पंधरा ऑगस्टचं घ्या ना, किसनरावांचं!" किसनराव म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. गावात त्यांचा शब्द चालतो. बोलता बोलता आपल्या मायची आठवण काढायची, रुमालानं डोळे टिपायचे आणि 'मी तुमचाच माणूस' म्हणायचं, ही त्यांची ठरलेली पद्धत. मयुरीनं मला तोंडापुढे धरून त्यांची अशी काही नक्कल केली की वर्ग हसून हसून लोळला. सरही तोंडावर हात ठेवून हसले. मग दाराकडे बघून हळूच म्हणाले, "वर्गातलं वर्गातच ठेवा रे."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी लाकडाचा. पोरं तर पोरंच होती.

आमच्या शाळेला जोडून अकरावी-बारावीचे वर्ग होते. फकीर मोहम्मद लेकीला म्हणायचे, "गावात हाय तोवर शीक बेटा. बाहेरगावी मी नाई धाडनार." त्यांचं गणित सरळ होतं. एसटी येते तर येते, नाहीतर पोरींना फाट्यावर अंधार होतो. नाजिशला ते मान्य होतं. तिला शिक्षिका व्हायचं होतं, इंग्रजीचीच, आणि त्यासाठी गावातली अकरावी-बारावी तिला हवीच होती.

आणि हिवाळ्यात बातमी आली की अकरावी-बारावी खामगावला हलवणार. पालकांची संमती हवी म्हणून शाळेच्या पटांगणात सभा बोलावली. मांडव घातला, सतरंज्या टाकल्या. पाहुण्यांना पाणी द्यायला दहावीच्या मुली लावल्या. नाजिशच्या हातात ग्लासांचं ताट होतं आणि ताटाखाली, बोटांत घट्ट धरलेला मी. तिनं मला वर्गातून गुपचूप आणलं होतं. मी हातात असल्याशिवाय चारचौघांत बोलायची तिला सवयच नव्हती हो! आणि ज्याच्या हातात डस्टर असतो त्याला कुणी थांबवत नाही, हे तिला खरं वाटायचं. सरांनीच शिकवलं होतं ना.

किसनराव बोलायला उठले. माय आली, रुमाल आला, 'मी तुमचाच माणूस' आलं. लेकी खामगावला शिकतील, मोठ्या साहेब होतील, त्यांना न्यायला-आणायला संस्था गाडी देईल, असं सगळं आलं. बायांनी पदर डोळ्यांना लावले. फकीर मोहम्मद मागे खांबाला टेकून ऐकत होते, त्यांनीही मान डोलावली.

टाळ्या थांबल्या तशी नाजिशनं ताट खाली ठेवलं आणि मला वर धरलं.

"काका, मले बोलाचं हाय."

सभा वळून बघायला लागली. किसनराव हसले. "बोल बेटा, बोल."

तिनं नियम पाळला. "तुम्ही म्हनता का, वर्ग खामगावले नेले तं पोरी जास्त शिकतीन, आन संस्था गाडी देईन. बराबर?"

"एकदम बराबर! शाबास."

"मंग गाडी कोन्त्या महिन्यापासून सुरू होईन? ते ठरावात लिहून देता का? आन काका, एक तुम्ही सांगतलंच नाई. इथच्या या खोल्या रिकाम्या झाल्यावर त्यात काय होनार हाय?"

किसनरावांचं हसू तसंच होतं, फक्त डोळे सरांकडे गेले. "प्रेमानंद सर, तुमच्याच वर्गातली का ही? चांगलं शिकवून राह्यले बाप्पा तुम्ही."

सरांच्या नोकरीला अजून मान्यता मिळाली नव्हती. तो कागद किसनरावांच्या सहीसाठी अडला होता. हे सगळ्या शिक्षकांना ठाऊक होतं आणि मलाही. सर उठले. ते नाजिशजवळ येईपर्यंत मला वाटत होतं की ते तिच्या बाजूला उभे राहतील. नाजिशला तर नक्कीच वाटत होतं, कारण त्यांना येताना बघून तिची पकड सैल झाली.

सरांनी मला तिच्या हातातून काढून घेतलं.

"बस झालं, नाजिश. मोठ्यांमधे बोलू नये."

"सर, पन डस्टर तं माह्या..."

"बस म्हटलं ना!"

ती खाली बसली नाही. ताट उचलून पाण्याच्या ड्रमाकडे निघून गेली. किसनराव म्हणाले, "लेकरू हाय, चालते." सभा हसली, ठराव हात वर करून मंजूर झाला. फकीर मोहम्मदांचा हातही वर होता. त्या क्षणी मी सरांच्या मुठीत होतो. त्यांना पोटाची भीती होती, एवढं मला समजतं. पण मग लेकरांना शिकवायचं तरी कशाला? नुसते धडे वाचून दाखवले असते तर ती मांडवात उभी तरी राहिली नसती.

पुढचं थोडक्यात सांगतो. गाडी आली नाही. अकरावीच्या खोल्यांत आता एका व्यापाऱ्याचं सोयाबीन ठेवलेलं आहे. मयुरी खामगावला मामाकडे राहायला गेली. मुलींच्या शिक्षणावर भाषण करून तिनं मोठी ढाल मिळवली, असं ऐकतो. नाजिश दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि घरी बसली. सरांची मान्यता आली. 'विद्यार्थ्यांना बोलते करणारा शिक्षक' म्हणून त्यांचा सत्कारही झाला. त्यासाठी वर्गातला एक जुना फोटो ऑफिसात लावलाय, मधोमध नाजिश आहे, मला हातात धरून बोलणारी. अरे वा, काय छान फोटो, असं येणारा-जाणारा म्हणतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, पण मला तळपायही नाही आणि मस्तकही नाही.

वर्गात नवा फळा बसला तेव्हा मला सरांच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. पुन्हा गोल काही बसला नाही. सर आता धडा वाचतात, अर्थ सांगतात, प्रश्नोत्तरं उतरवून देतात.

मागच्या आठवड्यात ते टेबल दुरुस्त करायला मिस्त्री आले. वाकून पाय बघायला लागले आणि थांबले. मला ओढून काढलं, घोंगडीची पट्टी चाचपली, खाचेत बोट फिरवलं. आपल्या हातचं काम माणूस विसरत नाही.

"घेऊन जा पाहिजे तर, फकीरभाई," सर खुर्चीतून म्हणाले. "पोरीला द्या. आठवण म्हणून."

"तिनं सांगतला होता मले तुमचा नियम," मिस्त्री सावकाश म्हणाले. "त्या दिवशी मी हात वर केला सर. तिच्या बाजूनं कराचा होता, तो किसनरावाच्या बाजूनं केला. मी अनपढ मानूस, मले भाषन समजलं नाई. तुम्हाले तं समजलं होतं."

मग त्यांनी मला सरांच्या हातात ठेवलं, त्यांची बोटं माझ्या खाचेत नीट बसवून दिली.

"आता तुमच्या हातात हाय. बोला."

मिस्त्री उभे राहिले. नियमाप्रमाणे वाट बघत राहिले. शेजारच्या वर्गात ऐकू जाणाऱ्या त्या भरदार आवाजाच्या सरांनी मला हळूच टेबलावर ठेवून दिलं. शेवटी मिस्त्रींनी हत्याराची पिशवी उचलली आणि टेबल तसंच डुगडुगतं ठेवून ते निघून गेले.

मित्रांनो, माझ्या जातीचे, म्हणजे निबंधातून आपली आत्मकथा सांगणारे, सगळे शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. आम्हाला जपा, फेकू नका, म्हणतात. मला फेका, चुलीत घाला, माझं काही म्हणणं नाही. फक्त मी कुणाच्या हातात दिला, तर तो बोलून होईपर्यंत काढून घेऊ नका. तेवढं जमणार नसेल तर द्यायचंच नाही.