दगडाबाईनं मशीन सोडलं

दगडाबाईला मरायची घाई नव्हती. तिला फक्त मशीनचा कंटाळा आलेला. दोन्ही किडन्या बसल्यापासून तिचा मुलगा मारुती तिला आठवड्यातून दोनदा कोलशेतच्या कोळीवाड्यातून ठाण्यातल्या हॉस्पिटलात न्यायचा. तिथे तिचं रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत घालत. घरी आली की ती ओकत पडायची, आणि जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत रिक्षा पुन्हा दारात. वर मीठ बंद. जन्मभर खाडीची मासळी विकलेल्या बाईच्या ताटात अळणी भात.

चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात ती डॉक्टरांना म्हणाली, आता पुरे. डॉक्टर तरुण आणि सभ्य होते, पण बोलायचे नेहमी मारुतीशी, म्हशीबद्दल मालकाशी बोलावं तसं. ते मारुतीकडे वळून म्हणाले, पेशंट निराश झालाय, जरा समजवा.

"डॉक्टर, इकडं बघा," दगडाबाई म्हणाली. "सुई माज्या हातात टोचता, आन् इचारता याला? मशीन बंद केलं तर काय होईल, ते मना सांगा."

डॉक्टर ओशाळले, पण तिच्या खाटेवर बसले. झोप वाढेल, अंगावर सूज येईल, मग श्वास लागेल. पंधरा दिवस, फार तर महिना. त्रास कमी करायला औषध देता येईल. दगडाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि पायात चपला घालायला लागली.

मारुती ऐकेना. बाहेर व्हरांड्यात त्यानं बहिणीला, नंदाला सांगितलं की अख्खा कोळीवाडा म्हणेल, पोरगा आईला कंटाळला. नंदा ठाकुर्लीला दिलेली. तिनंही आधी आईला खूप विनवलं होतं, रडलीही होती. पण मग दोन दुपारी आईजवळ बसून तिनं नीट विचारलं होतं, आणि आईचं उत्तर दोन्ही दुपारी तेच आलेलं.

"लोकांचं मी बघते," नंदा म्हणाली. "तू आईला विचार, तिला काय पायजे."

त्यानं विचारलं. तिला सुकटीची चटणी पाहिजे होती.

घरी ती पहिले काही दिवस अशी खुशीत होती की भेटायला येणाऱ्यांची पंचाईत झाली. रडायची तयारी करून आलेल्या बाया चिंबोरीचं कालवण खाऊन परत जात. जाऊबाई चंद्रभागा गंगाजल घेऊन आली, तेव्हा दगडाबाईनं तहान नाही म्हणून सांगितलं. चहा असेल तर चालेल. चंद्रभागेनं डोळ्याला पदर लावून, बाजारात दगडाबाईची बसायची जागा बळकावली होती त्याची माफी मागितली. घरातले सगळे गहिवरून बघत राहिले. दगडाबाई म्हणाली, माफ नाही करणार, पण चहा घेऊन जा.

मग झोप वाढली. एका सकाळी ती हाका मारूनही उठेना, आणि श्वास घरघरायला लागला. मारुतीचा धीर सुटला. तो माजिवड्याच्या नाक्यावरून रिक्षा घेऊन आला आणि आईला उचलून निघाला. नंदा दारात आडवी उभी राहिली.

"दादा, तिला खाली ठेव."

"अगं, ती मरतेय."

"हो," नंदा म्हणाली. "बोलता येत होतं तेव्हा तिनं सांगितलंय. आता बोलता येत नाय, म्हणून ते खोटं होत नाय."

गल्लीत लोक जमले. कुणीतरी नंदाला बाजूला व्हायला सांगितलं, ती हलली नाही. मारुती आईला घेऊन तसाच उभा राहिला. मग हात भरून आले म्हणा किंवा काय, तो उंबऱ्याच्या आतच मांडी घालून बसला. आई त्याच्या मांडीवर.

नंदानं आधीच सांगून ठेवलेले नाक्यावरचे डॉक्टर आले. त्यांनी इंजेक्शन दिलं. घरघर कमी झाली, कपाळावरची आठी गेली. दुपारी, मारुती तिच्या पायांना तेल चोळत असताना, दगडाबाई गेली.

स्मशानातून परतताना मामांनी विषय काढलाच. हॉस्पिटलात नेलं असतं तर म्हातारी अजून काही दिवस काढती, असं त्यांचं म्हणणं. मारुती थांबला. त्याला रडू येत होतं आणि मामांचा रागही.

"काढती ना, मामा," तो म्हणाला. "पण तिला नको होतं."

मग तो पुढे गेलेल्या नंदाला हाक मारत झपझप चालू लागला.