उत्तर आलं नाही तर

पडद्यावर १५.६२ हा आकडा होता. वर्ग सुरू झाला तेव्हाही तोच होता, चहा येऊन गेला तरी तोच.

अंबरनाथ पूर्वेला आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी मी प्रोग्रामिंग शिकवतो. शिकवतो असं लिहायला मला संकोच वाटतो. आयुष्यभर मी ग्रंथपाल होतो. पायथन शिकलो ते निवृत्तीनंतर, पुस्तकं उघडी ठेवून. वर्गात कोणी प्रश्न विचारला की उत्तराआधी मी पुस्तकातलं पान शोधतो.

त्या महिन्यात आम्ही एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागायची रीत, घेतला होता. मुलांना मी वाचनालयाचीच उपमा दिली होती. कपाटापर्यंत आपण जायचं नाही. खिडकीशी ठरलेल्या नमुन्यात चिठ्ठी द्यायची, आतून उत्तर येतं. चिठ्ठीबरोबर आपली की द्यायची. की म्हणजे सभासदाचं कार्ड. उल्हास नदीवरच्या एका पुलाखाली काही हौशी मंडळींनी पाण्याची पातळी मीटरमध्ये मोजणारं यंत्र बसवलंय, आणि त्याचा आकडा ते कोणालाही फुकट देतात. मी नाव नोंदवून की घेतली आणि तीच सगळ्या वर्गाला दिली. प्रत्येकाने वेगळी नोंदणी करायची म्हणजे ईमेल, पासवर्ड, ओटीपी; त्यातच शनिवार गेला असता. एका कार्डावर बारा जणांना पुस्तकं मी जन्मात दिली नसती. इथे दिली.

आकडा बघत होती उन्नती. ती उल्हासकाठच्या बेलवलीची. तिच्या घरच्यांनी रस्त्यालगतच्या इमारतीत फ्लॅट घेतला, पण आजी, ठमाबाई, नदीकाठचं जुनं बैठं घर सोडायला तयार नाही. ती आणि तिच्या दोन शेळ्या. मागच्या पावसाळ्यात घरच्यांनी घाबरून तिला वर आणलं आणि पाणी आलंच नाही. म्हणून या पावसाळ्यात तिची अट होती : मीटर सोळा दाखवेल, म्हणजे पाणी अंगणाशी येईल, तेव्हाच उठेन. चार दिवस घाटात धो धो चालू होतं, म्हणून उन्नती तासातासाला प्रोग्रामचा आकडा आजीला फोनवर सांगत होती.

"अजून पंधरा बासष्टच," ती म्हणाली. "बरं झालं. शेळ्या जिना चढत नाहीत हो सर. एकीला मी उचलते, दुसरी तोवर खाली पळते."

मागच्या बाकावरून सोनू हसला. तो उल्हासनगरचा, मोबाइलच्या दुकानात काम करतो. "सर, नदीने आज सुट्टी टाकली काय? सकाळपासून एक पॉइंट पण हलली नाही."

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता थांबलो.

पाणी इतका वेळ एकाच आकड्यावर कसं राहील? त्यातून चार दिवसांच्या पावसात? पण कदाचित यंत्र तसंच असेल. कदाचित मलाच कळत नसेल. एवढ्या मुलांसमोर शंका काढायची आणि ती खुळी निघायची, हे मला नवं नाही.

"उन्नती, जरा सरक," मी म्हणालो. "मला आलेलं मूळ उत्तर बघू दे."

प्रोग्राममध्ये शेवटून तिसऱ्या ओळीवर मीच लिहून दिलेली सूचना होती : उत्तर आलं नाही तर मागचं उत्तर दाखव. आधीच्या शनिवारी पडद्यावर चूक झाल्याची लाल अक्षरं आली की पोरं घाबरत होती. शलाका तर रडवेली झाली होती. त्यांना घाबरवायचं नाही म्हणून मी ही ओळ घातली होती. ती काढली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला.

लाल अक्षरं आली. ४२९.

"म्हणजे काय?" उन्नतीने विचारलं.

"म्हणजे खिडकी बंद केलीय. एका कीवरून फार विचारणा झाली." "सगळ्यांनी हात काढा. प्रोग्राम थांबवा. सगळ्यांनी."

कीबोर्ड शांत झाले. आम्ही थोडं थांबलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी पुन्हा विचारलं. ४२९.

"कुणाचा चालू आहे?"

मग कल्पेश उठला. तो आनंदनगरला एका कारखान्यात पाळीवर असतो, राहतो उन्नतीच्याच इमारतीत. "सर, मी आपली फाइल बेलवलीच्या ग्रुपवर टाकली. लिंक बनवून. मोबाइलवर उघडते."

"कीसकट?"

"कीसकट. लोक एकदम खूश आहेत सर. मिनटामिनटाला बघतायत."

म्हणजे सगळी बेलवली एकाच कार्डावर खिडकीशी उभी होती, म्हणून कोणालाच उत्तर मिळत नव्हतं. आणि माझ्या त्या ओळीमुळे प्रत्येकाला वाटत होतं की मिळतंय. मी शेवटचं खरं उत्तर उघडलं. त्यात वेळही असते; आम्ही ती कधी वाचली नव्हती. आकडा सकाळचा होता. आता दुपार कलली होती.

उन्नतीने फोन लावला, स्पीकरवर.

"आजी, तू वर ये. आत्ता."

"सोला झाला?"

"आजी, ते मशीन..."

"सोला झाला का नाय, येवरा सांग."

"नाही दिसत, पण..."

"मंग मी नाय उठाची. गेल्या येली मना फुकट वर नेलास. शेरडा रातभर वरडली." फोन बंद.

"बाबा पाळीवर आहेत, आई कामावर," उन्नती म्हणाली. "आणि काठावर ती एकटी नाही सर, पण बाकीचे गाड्या काढून निघू शकतात."

"मी बाइक काढतो," कल्पेश म्हणाला. "पण नुसतं जाऊन काय? ती बसून राहिली तर उचलून आणू? सर, एक करू. प्रोग्राम आपलाच आहे ना? सोळा लिहून टाकू. तिला मोबाइलवर सोळा दाखवलं की म्हातारी उठलीच."

"लिही, लिही," सोनू म्हणाला. "चांगल्या कामासाठी आहे."

उन्नती माझ्याकडे बघत होती. तिला सोळा हवं होतं. खरं सांगायचं तर मलाही हवं होतं. बोट कीबोर्डवर होतं, आणि दोन अंकांचं काम होतं.

"नको," मी म्हणालो.

"सर, आजी आहे ती माझी!"

"म्हणूनच नको. आपण सोळा लिहिलं आणि खरं पाणी सतरा असेल तर? लिंकवर ग्रुपलाही तेच दिसेल, आणि सगळे सोळा धरून बसतील. कमी असेल, तर पुढच्या वेळी तुझी आजी खऱ्या सोळालाही उठणार नाही." एवढं एका दमात बोललो आणि वाटलं, मी चुकत असलो तर? तत्त्वाच्या पायी एक बाई बुडाली तर? "फोन मला दे."

मला फोनवर बोलता येत नाही. अनोळखी माणसाशी तर अजिबातच नाही. घंटा वाजत राहिली. कोणी उचलू नये असंही वाटलं आणि लगेच लाज वाटली.

"काय गो पोरी?"

"आजी, मी उन्नतीचा मास्तर बोलतोय."

"बोला मास्तर. सोला झाला?"

"माहीत नाही."

"काय?"

"पाणी किती आहे ते मला माहीत नाही. तुम्हाला सांगितलेला आकडा सकाळचा आहे. नंतरचा कोणालाच मिळाला नाही. ती चूक माझी आहे."

पलीकडून शेळीचा आवाज आला. मग ठमाबाई म्हणाली, "ठाव नाय तं फोन कशाला केलाव?"

"ठाऊक नाही म्हणूनच केला, आजी. ठाऊक असतं तर तुमची अट होती, तुम्ही उठला असता. आता अट कशावर ठेवायची? आकडा सांगणाराच आंधळा झालाय."

पलीकडे भांडं आपटलं. मला वाटलं, आता ठेवणार.

"फुकट नेलाव तर?"

"तर मला शिव्या द्या. मी ऐकून घेईन."

"मास्तर, शिव्या मी बरोबर देतं, बरं का." आणि मग लांबून, फोन बाजूला ठेवून, "अगो चल, ऊठ, भवाने!" ते शेळीला होतं.

कल्पेश जिना उतरत होता. जाता जाता त्याने ग्रुपवर लिहिलं : आकडा सकाळचा आहे. आत्ताचा माहीत नाही. फाइल बंद करा, काठावरच्यांनी वर या. इकडे मी ती ओळ बदलली. उत्तर आलं नाही तर : माहीत नाही. शलाकाने ती वाचली आणि मान हलवली. लाल अक्षरांकडे आता ती टक लावून बघत होती.

खिडकी पुन्हा उघडावी म्हणून आम्ही यंत्राला काहीच विचारलं नाही. संगणक सगळे चालू, आणि कोणी हात लावेना. तसं पाऊण तास थांबणं मुलांना अवघड गेलं. उन्नतीने हात मांडीखाली दाबून धरले होते. ग्रुपवरून एकेक जण फाइल बंद केल्याचं कळवत होता. कोणी रागाने लिहीत होतं, कोणी अंगठा दाखवत होतं.

"आता एकदाच," मी म्हणालो. "तू विचार."

तिने एंटर दाबलं.

१६.४१. वेळ आत्ताची.

उन्नतीने फोन लावला तो कल्पेशने उचलला. तो धापा टाकत होता. "जिन्यात आहोत. एक शेळी माझ्या खांद्यावर आहे. अंगणात पाणी आलं होतं ग, पायरीला लागलं होतं." मागून शेळीचं ओरडणं आणि तिच्यावर ठमाबाईचं ओरडणं ऐकू येत होतं. मग फोन तिच्या हातात गेला.

"मास्तर हायेत का तिकरं?"

"आहे, आजी."

"शिव्या र्‍हायल्या तुमच्या." थोडं थांबून तिने विचारलं, "सोला कवा झाला?"

मी पडद्याकडे पाहिलं. सकाळ आणि आत्ता यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

"माहीत नाही, आजी," मी म्हणालो.