मुरेतची जागा

"बाबा, यंत्र दाराशी आलंय आणि गाय अजून आतच?" नोएलीने बाहेरून हाक मारली.

आन्तेल्म गोठ्यात मुरेतची मान खाजवत उभा होता. "येतेय ती. म्हातारीला घाई चालत नाही."

"म्हातारीला की म्हाताऱ्याला?" शेजारचा सेराफिन दोर घेऊन आला होता. मुरेत आता त्याच्या गोठ्यात जाणार होती.

आल्प्सच्या डोंगरात, आर्व्ह नदीच्या खोऱ्यातल्या या वरच्या वाडीत उन्हाळ्यात गवत कापायचं आणि बर्फ पडलं की खिडकीशी बसून घड्याळांची चक्रं कातायची, हा आन्तेल्मच्या घराचा पिढीजात उद्योग. पण घड्याळवाल्यांनी हातची चक्रं घेणं बंद केलं. खाली क्लूझ गावात स्वयंचलित लेथवर रेडिओचे, मोटारींचे बारीक स्क्रू निघू लागले होते. नोएली तिथेच काम शिकली आणि घरी लेथ बसवायचा असं तिने मनावर घेतलं. क्लूझच्या कारखानदाराशी बोली अशी, की हिवाळ्यात माल पसंत पडला तर यंत्र राहील. नाहीतर यंत्र परत आणि नोएली जिनिव्हाला मावशीकडे, तिथल्या कारखान्यात. एवढं धूड पेलेल अशी दगडी फरशी फक्त गोठ्यात होती. पोरगी घरी राहावी म्हणून आन्तेल्मने गाय बाहेर काढली. जिवावर आलं त्याच्या, पण काढली.

पहिला माल परत आला. सकाळचे स्क्रू एका मापाचे, दुपारचे दुसऱ्या. नोएलीने हत्यारांना पुन्हा धार लावली, यंत्र खोलून परत जोडलं, शेवटी रडकुंडीला आली. पुढचा माल नापास झाला की संपलंच. थंडी तर अशी की सकाळी यंत्रातलं तेल काकवीसारखं घट्ट झालेलं, आणि दुपारी यंत्र चालून तापलं की माप हलायचं. शेगडी पेटवायची सोय नाही, कारण वरचा माळा सुक्या गवताने भरलेला.

आन्तेल्मने यंत्रावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला, इतकं ते गार. आजवर तो चक्रं कातायला बसे ती खिडकी गोठ्याला लागूनच होती. हिवाळ्यात तिथे बोटं कधी आखडली नव्हती. घरातली ऊब आपणच दोर बांधून हाकलून दिली, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. स्वतःच्या अकलेची कीव करत तो सेराफिनकडे गेला.

"मुरेत दे परत."

"करमेना होय रे?"

"मला काय धाड भरलीय? यंत्राला करमत नाही."

सगळं ऐकून सेराफिनला हसता हसता ठसका लागला. "एकटी किती ऊब देणार? माझी कालवडही ने. मात्र थट्टा करायचा हक्क माझा."

दोन्ही जनावरं आत येताना पाहून नोएलीने कपाळाला हात लावला. "कारखान्यात गाय? लोक तोंडात शेण घालतील, बाबा."

"घालू देत. घरचंच आहे."

फळ्यांच्या आडोशापलीकडे जनावरं रवंथ करत राहिली, अलीकडे यंत्र फिरत राहिलं, आणि स्क्रू सकाळ-दुपार एकाच मापाचे उतरले. माल पसंत पडला. नोएली राहिली. आन्तेल्मला झालेला आनंद त्याने मुरेतलाच तेवढा सांगितला.

उन्हाळ्यात गवतासाठी वेगळी खोप बांधली, माळा रिकामा झाला आणि गोठ्यात शेगडी आली. कालवड परत गेली. कामं इतकी वाढली की दुसरं यंत्र घ्यायलाच हवं होतं, पण नोएली तो विषय काढीना.

"जागा कुठे आहे? बघू पुढच्या वर्षी," ती म्हणाली आणि सूप ढवळू लागली.

मुरेतला पुन्हा घालवायला नको म्हणून पोरगी आपल्यासाठी थांबलीय हे आन्तेल्मला कळलं. तिचं फार कौतुक वाटलं त्याला. पण थांबून काम राहतं होय? दुसऱ्याकडे जातं.

सकाळी तो खडू घेऊन फळ्यांपलीकडे गेला आणि गुडघे टेकून नव्या यंत्राची जागा आखू लागला. रेघ येत येत मुरेतच्या खुरापाशी अडली.

"पाय उचल गं, बाई."

तिने उचलला. त्याने खालून रेघ पुरी केली, खडू बाजूला ठेवला आणि तिचा पाय आपल्या मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला.