कोहूचा पट्टा

गुड फ्रायडेला आमच्या खोऱ्यात कुणी सुरीला हात लावत नाही. त्यामुळे रेवीच्या दगडासाठी डुक्कर आणायला शनिवारची सकाळ तेवढीच उरली होती. माणूस गेला की वर्षभरानं त्याच्या थडग्यावर नावाचा दगड उभा करायचा, प्रार्थना म्हणून त्यावरचं कापड काढायचं आणि मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं, अशी आमची रीत. रविवारी तापल्या दगडांवर, मातीखाली हांगी लागणार होती. तिच्यात रताळी असणार, कोंबड्या असणार. पण रानातलं डुक्कर नसेल तर ते जेवण रेवीचं कसं म्हणायचं?

रेवीची थोरली बहीण हाईना उजाडायच्या आधीच उठली. गुडघा जपत पलंगाच्या कडेला बसून तिनं रोजची प्रार्थना म्हटली. प्रार्थनेत ती एकेकाचं नाव घेते, जिवंतांचं आणि गेलेल्यांचं. रेवीच्या नावानंतर त्याच्या बायकोचं, टेरिनाचं नाव यायचं. आज रेवीपाशी जीभ थांबली आणि पुढं आमेनच आलं. मागं जाऊन नाव घेता आलं असतं. देवाला कसली घाई? घाई हाईनालाच होती.

मागच्या अंगणात कोहू जागी होती. कोहू म्हणजे धुकं; ही कुत्री त्याच रंगाची, म्हणून कोहू. तिची आई बाळंतपणात मेली तेव्हा हाईनानं या पिल्लाला बाटलीनं दूध पाजलं होतं, स्वेटरच्या आत घालून निजवलं होतं. डुकराचा माग काढण्यात या खोऱ्यात तिच्या तोडीचं नाक नाही. पण मागच्या हिवाळ्यात हाईनाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कोहू टेरिनाकडे राहायला गेली. रेवी गेल्यापासून टेरिना एकटीच होती, तिलाही सोबत झाली. तीच कोहूला खायला घालू लागली, तीच रानात नेऊ लागली. महिन्यापूर्वी हाईनानं कुत्री परत आणली खरी, पण रोज सकाळी बघावं तर ही बया रस्त्याकडे तोंड करून बसलेली. आणि टेरिनाचं घर त्याच रस्त्यावर, पुलापलीकडं.

आजही तशीच बसली होती.

"आधी भाऊ," हाईना तिच्याकडे बघत पुटपुटली. "आता तू."

कोहूच्या गळ्यात टेरिनानं हिवाळ्यात शिवलेला नवा पट्टा होता. डुकराचा सुळा लागू नये म्हणून कुत्र्यांना घालतात तसा रुंद, गळ्यापासून छातीपर्यंत येणारा. टाके एकसारखे, कडा दुमडून शिवलेल्या. हाईनानं तो सोडला आणि गोठ्याच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. मग पेटीतून जुना काढला. त्याचं चामडं तिनं आणि रेवीनं मिळून कापलं होतं, रेवीचं लग्न व्हायच्या आधी. बक्कल शेवटच्या भोकात घातलं तरी पट्टा थोडा लोंबत होता. टेरिनाबरोबर पळून पळून कुत्री चांगलीच सडसडीत झाली होती. आणखी एक भोक पाडायला हवं होतं. तेवढ्यात वाका काकाच्या गाडीचा भोंगा वाजला.

वाका काका आता डोंगर चढत नाही. तो गाडी चालवतो, थर्मासमधला चहा पितो आणि सगळ्यांना अक्कल शिकवतो. टेरिना मागच्या हौद्यातून उडी मारून खाली उतरली आणि कोहू तिच्याकडे धावली. हाईनाच्या हातातली दोरी ताणली गेली.

"ए लबाड! चल, सरक," टेरिनानं तिचे कान चोळले. मग बोटं पट्ट्यावरून फिरवली. "ताई, हा जुना? माझा कुठंय?"

"भिजलाय."

टेरिनानं एकदा गोठ्याच्या भिंतीकडे पाहिलं. "सैल आहे हो हा."

"तू शहरात शाळेला जात होतीस तेव्हापासून मी पट्टे बांधतेय."

"हो, ते आहेच," टेरिना म्हणाली.

"बायांनो," काकानं खिडकीतून डोकं काढलं, "भांडण डुकराशी करा. उद्या दगड रेवीचा बसवायचाय, तुमच्या भांडणापायी माझा नको."

मानुकाच्या झुडपांपाशी गाडी थांबली. रानात शिरण्याआधी हाईनानंच प्रार्थना सांगितली. सगळ्यांत मोठी तीच. आवाज नीट लागला. शब्द पाठ असले की आवाज लागतोच. कोहूला आणि काकाच्या गाडीतून आलेल्या थोराड मोकोला, डुक्कर धरून ठेवणाऱ्या पकडीच्या कुत्र्याला, मोकळं सोडलं. बघता बघता दोघंही नेच्यांत दिसेनाशी झाली.

दोघी डोंगराच्या सोंडेनं चढू लागल्या. टेरिना पुढं, हाईना मागं. चढावर गुडघा बोलायला लागला. टेरिना मधूनमधून थांबून मागं बघायची, आणि ते बघणंच हाईनाला टोचायचं. पूर्वी या सोंडेवर हाईना पुढं असायची आणि रेवी मागून ओरडायचा, ताई, जरा दमानं. लग्न झालं आणि त्यानं शहरातली ही पोरगी आणून तिला माग दाखवले, घळी दाखवल्या, वारा कसा घ्यायचा ते शिकवलं. सगळं बहिणीकडून शिकलेलं बायकोला देऊन टाकलं. देऊ नये असं थोडंच आहे? पण विचारायचं तरी.

खालच्या घळीतून भुंकणं आलं. थांबून थांबून, एकाच जागेवरून.

"कोहू!" दोघी एकदम म्हणाल्या.

"अडवलंय तिनं," टेरिना उताराला लागलीसुद्धा.

"टेरिना! सुरी मी घालणार. कुत्री माझी आहे."

"बरं ताई. पण पाय बघून टाका."

वेली बाजूला सारत, घसरत हाईना खाली पोचली. पडलेल्या झाडाच्या बुंध्याला पाठ लावून काळा नर उभा होता. फार मोठा नव्हता, पण सुळे चांगले वर आलेले. समोर कोहू, पुढं झेपावत, मागं सरत, भुंकत. मोको अजून वरच्या अंगाला वेलींत अडकला होता, त्याची धडपड ऐकू येत होती.

"कोहू, बाजूला," टेरिना म्हणाली. ओरडली नाही, जेवताना मीठ मागावं तसं म्हणाली. आणि कोहू बाजूला झाली. हातभर डावीकडे, सुळ्याच्या वाटेतून दूर.

हाईनाच्या छातीत काहीतरी तापलं. एवढ्याशा शब्दानं? बाटलीनं दूध कुणी पाजलं होतं?

"कोहू!" ती जोरात ओरडली. "इकडे! माझ्याकडे ये!"

कोहूनं ऐकलं. आवाज ओळखून तिनं चटकन मान वळवली, हाईनाकडे पाहिलं, पाऊलही उचललं. त्याच क्षणी नर सुटला. सैल पट्टा एका अंगाला सरकला होता. उघड्या पडलेल्या खांद्यापाशी सुळा शिरला. कोहू एकदाच केकाटली आणि नेच्यांत कोसळली.

तोवर मोको वरून आदळला आणि त्यानं डुकराचा कान धरला. हाईना कशी पुढं गेली, मागचा पाय कसा धरला, तिला कळलं नाही. हातांना ठाऊक होतं. पुढच्या पायामागं, खाली, सुरी मुठीपर्यंत गेली. नर थंड पडला तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण रेवीचं नाव घेतोय.

टेरिना कोहूजवळ गुडघे टेकून बसली होती. पिशवीतून मिठाचं पाणी, सुई, दोरा काढून झालं होतं.

"डोकं धरा, ताई. चावेल ती."

"मी शिवते."

"हात बघा तुमचे."

हाईनानं हात बघितले. कोपरापर्यंत डुकराच्या रक्तानं माखले होते. ती खाली बसली आणि कोहूचं डोकं मांडीवर घेतलं. टेरिनानं जखम धुतली, चाचपली. सुळा आतपर्यंत गेला नव्हता, वरचं मांस तेवढं फाटलं होतं. ती एकेक टाका घालू लागली, तसेच एकसारखे टाके. कोहू कण्हली, पण चावली नाही.

"पट्टा भिजला नव्हता," हाईना म्हणाली.

"ठाऊक आहे. खिळ्यावर दिसला मला."

"मग बोलली का नाहीस?"

टेरिनानं दोरा दातानं तोडला. "राग आला होता. म्हटलं, घाला तुमचाच. रेवीचं काही निघालं की आधी तुमचं नाव निघतं, ताई. हिला हिवाळाभर मी सांभाळलं, लिव्हर उकडून घातलं, आणि ही रोज सकाळी रस्त्याकडे तोंड करून बसायची. तुमच्या घराकडे."

"माझ्याकडे असली की तुझ्या घराकडे," हाईना म्हणाली.

आता राहिलं डुक्कर. ज्यानं सुरी घातली त्यानंच ते पाठीवर वाहून न्यायचं, अशी आमच्याकडची रीत आहे, आणि बाई आहे, म्हातारी आहे, पाय दुखतोय, असलं काही त्यात चालत नाही. पोट साफ करून झालं. पुढचे पाय मागच्या पायांत अडकवून हाईनानं त्याची पाठीला अडकवायची पिशवी केली.

"मी घेते ते," टेरिना म्हणाली. "तुम्ही कोहूला घ्या. हलकी आहे."

हाईनाला तेच हवं होतं. कोहूला खांद्यावर घ्यावं, तिचा ओला श्वास कानाशी लागावा. पण कालच्या शुक्रवारी ज्यानं स्वतःच्या क्रुसाचं लाकूड पाठीवर वाहिलं, त्याचं नाव घेणारी बाई कुठल्या तोंडानं हो म्हणणार?

"सुरी माझी होती," ती म्हणाली. "तू ने तिला."

उतार लांब होता. टेरिना पुढं, दोन्ही खांद्यांवर कोहू. मागं हाईना, वाकलेली, मानेवरून डुकराचं रक्त ओघळतंय, गुडघा प्रत्येक पावलाला जाब विचारतोय. कोहूचं डोकं टेरिनाच्या खांद्यावरून मागं लोंबत होतं आणि तिचे डोळे सारखे मागंच लागले होते. माझ्याकडे बघतेय, हाईनाला वाटलं. थोडं पुढं गेल्यावर वाटलं, की पाठीवरच्या डुकराकडे? विचारायची सोय नव्हती.

तरी त्या खांद्याचा हेवा वाटायचा थांबला नाही. वाट संपत आली तेव्हा तिनं सकाळी राहिलेलं नाव घेतलं, मोठ्यानं नाही, ओठांतल्या ओठांत. सोपं नव्हतं. डुक्कर त्यापेक्षा हलकं वाटलं.

वाका काकानं चहाचा कप गाडीच्या टपावर ठेवला. डुक्कर बघितलं, कुत्री बघितली, मग दोघींची तोंडं.

"काय झालं?"

दोघींनी सांगितलं. पट्ट्याचं, हाकेचं, रस्त्याकडे तोंड करून बसण्याचंही. एक सांगायची, दुसरी दुरुस्त करायची. काका ऐकता ऐकता हसायला लागला, इतका की खोकला आला.

"अगं वेड्यांनो! या रस्त्यानं कोण येतं? मी येतो! ती माझ्या गाडीची वाट बघते. भोंगा वाजला की शिकार. तुम्ही कुठल्या घरांचं घेऊन बसलात?"

टेरिना हसली. हाईनाला हसू आलं नाही, पण तिनं डोळे पुसले आणि कोहूला हौद्यात गोणपाटावर नीट निजवलं.

"बरी होईपर्यंत तुझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "टाके तुझे आहेत. फक्त बरी होईपर्यंत."

"बरं ताई."

"आणि नवा पट्टा मी शिवणार. तुझा चांगला आहे. पण मी शिवणार."

"शिवा की."

गाडी सुरू झाली. पूल आला. मग हाईना बाहेर बघतच म्हणाली, "माप मात्र तू घे. तुझ्यापाशी ती स्थिर उभी राहते."